झील कोन धरीन?

माहं माहेर वडनेर भोलजी. बाप दुसऱ्याच्या वावरात सालदार, पन संध्याकाळी विहारात पेटी घेऊन बसला का सारं गाव त्याले बुवा म्हने. त्या पेटीचा भाता लय जड, एका हातानं दबे ना, म्हनून मी बाजूले बसून भाता दाबायची, आन् दाबता दाबताच कधी गायले लागली ते मलेच समजलं नाही. आमच्या गान्याची रीत तुम्हाले सांगून ठेवते, लिहून घ्या, पुढं कामी पडीन. मी एक ओळ म्हनायची आन् थांबायचं. मांगच्या बायांनी तीच ओळ उचलायची. तिले झील धरनं म्हनतात. मी थांबली का तिकडून झील यायचीच, सूर्य उगवते तशी.

मंग बारावी झाली आन् बापानं मले शहरात कॉलेजात टाकलं, बी.ए.ले, त्यात गानं हा विषय. काय सांगू तुम्हाले, काय तो माहा तोरा! दोन वेण्या, पायात हिरव्या पट्ट्याच्या चपला, आन् वाटे का आता हे विद्यापीठ माह्यासाठीच उघडलं. पहिल्या दिवशी सर म्हने, सा लावा. म्या म्हन्लं सर, मले अख्खी गानी येतात, सा काय लावता? सरनं दोन महिने नुसता सा लावायले लावला. मी मैत्रिनींत सांगे का माह्यासमोर पुढचं शिकवायचं त्यायले भेव वाटते. खरंच सांगे. लाज म्हनून नव्हती त्या पोट्टीले.

वर्साच्या शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरगावचे दोन परीक्षक, तबल्यावर एक दादा, आन् सतरंजीवर मी. राग भूप. मुखडा असा म्हनला का बस, आन् थांबली. झील येईन म्हनून. कोन आनते झील? पंखा तेवढा खडखड करे. परीक्षक म्हने, पुढे? म्या म्हन्लं, आधी तुमचं होऊ द्या. ते म्हने, आमचं काय? म्या म्हन्लं, मी म्हनली ना ओळ, आता तुम्ही म्हना! तो तबलेवाला दादा असा हसला का तबल्यावरच पडला. मले आला राग. उठली, चपला हातात घेतल्या, घालायलेही थांबली नाही, अन् थेट एस.टी. स्टँड. डांबर तापलेलं, तशीच अनवानी पळत गेली. चपला हातातच!

घरी बाप इचारे, कशी झाली परीक्षा? म्या म्हन्लं, बाबा, झालीच नाही, मास्तरचं पोट दुखलं. बाप म्हने, बिच्चारा, बलावतीन तुले पुन्हा. म्या गानं सोडून दुसरा विषय घेतला, बी.ए. झाली, चिखलीकडं लगन झालं, अंगनवाडीत लागली. पोराबाळायले गानी शिकवली, इथल्या विहारात बायांचं मंडळ उभं केलं. पन बाप माहा लय भोळा. शेवटपर्यंत, मी माहेरी गेली का इचारेच, काव पोरी, त्या मास्तरचं पोट बरं झालं का? आन् मी म्हनायची, नाही बाबा अजून. एक दिवस तो गेला. खोटं तसंच राह्यलं.

अंगनवाडीतून मोकळी झाली त्या वर्सी माही नात, सोनू, विद्यापीठात गानं शिकायले गेली. तिले मी चपलांची गोष्ट सांगितली. हसून हसून लोळली. मंग एकदम म्हने, आजी, तू बी.ए. आहेस ना, एम.ए.चा फॉर्म भरू तुह्या नावाचा. म्या म्हन्लं, काऊन व, म्हातारीची फजिती पाहायची का? तर म्हने, हाव, पन या वेळेस चपला मी लपवते. भरलाच कार्टीनं. प्रवेशाची परीक्षा दिली आन् मी एम.ए.ले! वर्गात पोरं मले मॅडम समजून उभी राहात. मीही दोन दिवस काही म्हन्लं नाही, राहू द्या उभी.

या खेपेले सा दोन वर्स लावला, आन् कोनालेच नावं ठेवली नाही. पन शेवटी मंचप्रदर्शन आलं. लोकांसमोर बसून पाऊन तास गायचं, त्याचे मार्क. आन् माही खोड? ओळ संपली का गळा आपोआप थांबे. मंडळाच्या अकरा बाया घरी बसवून रियाज केला, तर मी थांबायच्या आधीच त्या झील धरत. शेवटी सगळ्यांच्या तोंडात गुळाचा एक एक खडा दिला. शेवंतामायले शुगर, तिनं सुपारी धरली. म्या म्हन्लं, परीक्षेच्या दिवशीही असंच बसायचं, माही आन आहे, एक शब्द काढायचा नाही.

परीक्षेले बाया जीप करून आल्या. सोनूनं खरंच चपला पिशवीत घातल्या. मी भूप गायली. कुठंच थांबली नाही, मलेच नवल वाटलं. मंग शेवटचं, आपल्या पसंतीचं गानं. म्या बापानं रचलेलं विहारातलं घेतलं. पहिली ओळ म्हनली आन् झालं ना! थांबली. पुन्हा तोच पंखा, पुन्हा तेच दोन परीक्षक, मानसं तेवढी दुसरी. मांगच्या रांगेत अकरा बाया, डोये भरून आलेले, गाल फुगलेले, पन आन घातली ना, कोनीच तोंड उघडे ना. माहा हात आपोआप चपला शोधायले लागला.

परीक्षक मॅडम म्हने, आजी, थांबलात का? म्या म्हन्लं, मॅडम, हे गानं एकटीनं होत नाही. मी ओळ द्यायची, झील त्यायनी धरायची. हीच रीत आहे. त्या म्हने, मग धरू द्या की. म्या मांगं पाह्यलं आन् जोरानं म्हन्लं, गिळा व बायांनो!

दहा घोट एकदम. शेवंतामायनं सुपारी गालात सरकवली, आन् अशी झील आली का पंखा ऐकूच येईना. सोनूही गाऊन राह्यली, अन् दुसऱ्या कडव्याले मॅडमचेही ओठ हालून राह्यले. ते मी माह्या डोयानं पाह्यलं.

पास झाली. नंबरात नाही, पन पास. त्याच हप्त्यात वडनेरले गेली, विहारात बापाची पेटी अजून आहे, तिच्यावर हात ठेवला आन् म्हन्लं, बाबा, मास्तरचं पोट बरं झालं.

आता तुमचं लिहून झालं असन तर चहा घ्या. अन् जा सुखानं. जलमात कधी ओळ म्हनता म्हनता थांबलात, तर तुमच्याही मांगं झील धरनारं कोनी बसलेलं राहो.