एका कोयंड्याला दोन कुलुपे

माझे नाव व पत्ता समासात लिहून घेतला आहे. वय तेवीस, शिक्षण पदवीपर्यंत, व्यवसाय शिकवण्या घेणे. आज ठाण्यात स्वतः हजर राहून समक्ष सांगते की,

मी कोणत्या पक्षाची कार्यकर्ती आहे, असे मला सुरुवातीलाच विचारण्यात आले. या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. मागच्या आठवड्यापर्यंत देता येत होते. तेव्हा पक्ष एकच होता आणि त्याची पत्रके मी लिहीत असे. सोमवारी आमच्या आमदारांनी निम्मे कार्यकर्ते सोबत घेऊन सरकारला पाठिंबा दिला. अध्यक्ष, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते उरलेल्यांसह विरोधात राहिले. खरा पक्ष आपलाच, असे दोघांचेही म्हणणे आहे. "तू तर आपलीच," असा निरोप मला दोन्हीकडून आला.

वादातले कार्यालय बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. एक मोठी खोली, तिच्या आत एक लहान खोली, दार एकच, आणि गल्लीकडे गजांची एक खिडकी. कार्यालयात शौचालय नाही. ते मागच्या आवारात आहे. तिथे जायचे तर याच दाराने बाहेर पडून वळसा घालावा लागतो. हे मुद्दाम लिहून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

माझी आत्या तिथे झाडलोट आणि चहापाणी बघते. मला तिनेच वाढवले आणि शिकवले. तिने साठी ओलांडली आहे व तिला साखरेचा आजार आहे. दुपारी जेवणानंतर ती आतल्या खोलीत घटकाभर पडते. हे दोन्ही गटांतल्या सर्वांना माहीत आहे, कारण त्या वेळी चहा मिळत नाही.

काल दुपारी काकांच्या माणसांनी येऊन दाराला कुलूप लावले. आत कोणी आहे का, ते पाहिले नाही. पाठोपाठ आमदारांची माणसे आली. त्यांनी त्याच कोयंड्यात आपलेही कुलूप अडकवले. त्यांनीही पाहिले नाही. आवाजाने आत्या जागी झाली आणि खिडकीशी आली. समोरच्या शिंप्याने मला फोन केला, म्हणून मी शिकवणी सोडून गेले.

मी पोहोचले तेव्हा काकांची माणसे दाराच्या एका बाजूला आणि आमदारांची दुसऱ्या बाजूला उभी होती. बऱ्याच जणांनी फोन खिडकीवर रोखले होते. मी काकांकडे किल्ली मागितली. ते म्हणाले, "काढतो ना बाळा. पण आधी त्यांना काढू दे. आमचं आधी निघालं की ते आत घुसलेच समज." मग मी आमदारांच्या पीएकडे गेले. तो म्हणाला, "ताई, आम्ही काय परके आहोत का? त्यांचं निघालं की आमचं निघालंच."

"मग दोघांनी एकदम काढा," असे मी म्हटले. यावर एकदम म्हणजे काय आणि ते ठरवणार कोण, यावरून त्यांच्यात वाद सुरू झाला.

बंदोबस्तावरील हवालदारांना मी विनंती केली. जागेचा वाद कोर्टात जाणार असल्याने वरून आदेश आल्याशिवाय कुलपाला हात लावता येत नाही, असे त्यांनी सांगितले. नंतर एक खुर्ची मागवण्यात आली. तीवर ते बसले.

एकाने खिडकीतून विचारले, "काय आत्या, आता तुम्ही कुणाच्या बाजूच्या?" आत्या म्हणाली, "मी खिडकीच्या आतल्या बाजूची. हे तुमचे काका पलीकडच्या पक्षातून इथे आले तेव्हाही मी इथेच होते. तुम्ही फिरता, मला फक्त भिंतीवरचा दुसरा फोटो पुसावा लागतो." सगळे हसले. काकाही हसले.

काही वेळाने तिने मला खुणेने जवळ बोलावले आणि हळू आवाजात सांगितले, "यांना म्हणावं, खिडकीपासून जरा लांब व्हा." एवढेच म्हणाली. मी तिची अडचण दोन्ही बाजूंना सांगितली. असली गोष्ट पुरुषांना सांगावी लागते तशी सांगितली. काका खाली बघत म्हणाले, "तिला म्हणावं जरा दम धर. वरून फोन यायचाय." पीए म्हणाला, "ते काकांना सांगा. पहिलं कुलूप त्यांचं." मागून कोणीतरी हसले. कोण ते मी पाहिले नाही.

मी परत परत जाऊन विचारत राहिले. गल्लीतले ऊन गेले. मग आत्याने खिडकीची दारे आतून ओढून घेतली. "बघा, रुसली," असे एकजण म्हणाला. मी हाक मारली. तिने ओ दिली नाही.

तेव्हा मी शेजारच्या गॅरेजमधून पहार आणली. मिस्त्रीने कशाला हवी ते विचारले नाही. मी कुलपांना हात लावला नाही, चौकटीतला कोयंडा उपटला. मला कोणी अडवले नाही. माझा अंदाज असा की, दोन्ही बाजूंना मी आपलीच माणूस वाटले. आत जाऊन मी दाराला कडी घातली. थोड्या वेळाने दार उघडून आत्याला पुढे घेतले आणि रिक्षाने घरी नेले. मधल्या वेळेबद्दल मला काही सांगायचे नाही.

दोन्ही गटांची तक्रार एकच आहे, असे मला आज कळले. समोरच्या गटाच्या माणसांनी दार फोडले, फरशीवर पाणी ओतले आणि पक्षाची पत्रके खराब केली, अशी. सकाळी काका घरी आले होते. आत्या आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. काका म्हणाले, "त्यांच्या पोरांनी फोडलं एवढंच सांग. तुझ्या नोकरीची पोलीस पडताळणी बाकी आहे ना? ती माझ्याकडे लागली." ते गेल्यावर पीएचा फोन आला. त्याने पडताळणीचे तेच सांगितले, फक्त पोरे काकांची होती. मला सरकारी शाळेत नेमणूक मिळाली आहे. आमच्या घरात मी पहिली पदवीधर. गुन्हा नोंद झाला तर नेमणुकीचे काय होते, हे मला माहीत आहे.

कोयंडा मी तोडला. कोणाच्याही सांगण्यावरून नाही. तो कुलपांसह आपल्या टेबलावर ठेवला आहे. दोन्ही कुलुपे अजून बंद आहेत.

फरशीवरचे पाणीही माझेच. भरलेली कळशी मी लवंडली, दाराला आतून कडी असताना, मुद्दाम. भिजलेली पत्रके मीच लिहिलेली होती. आत्याला याबद्दल काही विचारण्याची गरज नाही.

हा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. त्यात कोयंड्यापुढे आणि पाण्यापुढे "अज्ञात इसमाने" असे लिहिलेले होते. बाकी सर्व मी सांगितले तसे बरोबर आहे. त्या दोन्ही ठिकाणी मी काट मारून माझे नाव लिहिले आहे व बाजूला सही केली आहे.