सेनापती आणि गरम पाणी

चेंगदूच्या दवाखान्यात सलाइन लावून बसलेली रुओशी शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे कान देऊन होती. म्हातारीच्याही हाताला सलाइन होतं आणि डोळे मोबाइलवरच्या मालिकेत.

"सेनापती स्वप्नातून थेट आजच्या शहरात आलाय. स्कूटरवरून नूडल्स पोचवतो, पण राजकन्येला विसरला नाही."

"चिलखत घालून? पोलीस धरत कसे नाहीत?"

"तू गप. तो म्हणतो, तीन जन्म तुझी वाट पाहीन. तू चाळीस वर्षांत काय म्हणालास?"

"गरम पाणी पी."

"ताप आला, गरम पाणी. पाय मुरगळला, गरम पाणी. लग्नाच्या रात्रीसुद्धा!"

"तुला उचकी लागली होती!"

"असू दे. मान अवघडली माझी, हा मोबाइल जरा धर."

थोड्या वेळानं म्हातारीच ओरडली.

"म्हाताऱ्या, बाटली संपली! नर्सला बोलाव."

"थांब गं, राजकन्येला ताप आलाय."

"अरे, नळीत रक्त चढतंय!"

रुओशीनंच घंटी दाबली.

"बघ, बघ, सेनापती तिला काय म्हणाला!" म्हातारा मोबाइल तिच्यापुढे नाचवत म्हणाला.

"काय?"

"गरम पाणी पी!"

"अगंबाई! किती गोड म्हणाला रे!"