मागे घेतलेला अर्ज

...आता मला सांगा, माझीच माहिती मला दाखवायला सरकारने बोलवायचं कशाला? मी काय मला ओळखत नाही? पण पत्र आलं, गेलो. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, अर्धा तास आधी पोचणारच. रेकॉर्डची खोली, उंच खिडकी, उन्हात धूळ तरंगतेय, पंखा फिरतोय की नाही कळत नाही, आणि समोरच्या बाई इतक्या हळू बोलतात की वाटावं, आपण झोपेतच आहोत. म्हणाल्या, "पूर्वी अख्ख्या घराची एकच फाईल असायची. आता ज्याची माहिती त्याच्या हातात. कायदा बदललाय, काका."

बदलू दे. फाईल उघडली. वर माझा फोटो, केसांसकट... आणि त्याखाली हिचा अर्ज. म्हणजे आमच्या मंडळींचा, लग्नाच्या तिसऱ्या वर्षातला. 'माझे नाव या पत्त्यावरून काढून बहिणीच्या पत्त्यावर घालावे.' तुम्हाला सांगतो, आत काहीतरी टिकटिकायचं थांबलं. कधी गेली होती ही? मी कुठे होतो? दुकानात, लोकांची घड्याळं लावत. त्याला टाचलेला दुसरा कागद, चार दिवसांनंतरचा: 'अर्ज मागे घेते. कारण: ह्यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत.'

वर सरकारी शिक्का. मंजूर.

म्हटलं, "बाई, एवढा कागद मला द्या." तर त्यांनी तो अलगद काढून घेतला. "हा तुमचा नाही, त्यांचा. त्यांची संमती लागेल. खरं तर तुम्ही वाचायलाही नको होता. कायदा बदललाय, काका."

"अहो, पण मोजे माझे आहेत."

"मोजे तुमचे. माहिती त्यांची."

संमतीचा फॉर्म घेऊन घरी आलो, चालत की तरंगत, आठवत नाही. ही खिडकीशी बसून माझ्या शर्टाला बटण लावत होती. फॉर्म पुढे ठेवला.

"वाचलंत?"

"वाचलं." सुई दोनदा वरखाली झाली. मग मीच विचारलं, "खरंच मोज्यांसाठी थांबलीस?"

"नाही हो. कारणाच्या रकान्यात एकच ओळ होती. मावलं तेवढं लिहिलं."

"आणि बाकीचं?"

"ते खासगी. कायदा बदललाय ना?"

आणि शांतपणे फॉर्मवरच्या 'कागद नष्ट करावा' या पर्यायावर खूण करून तिने सही ठोकली.

आता सरकारकडे काही उरलेलं नाही. जे काही आहे ते सगळं हिच्याकडे... आणि तिथे अर्ज घ्यायला खिडकीच नाही.