परतीची वेळ

रीलाच्या डोंगरातल्या विश्रामगृहात राडका चहाच्या रांगेत उभी होती. दोन पेले घ्यायचे होते, एक नवऱ्यासाठी; तो शिखरावरून येतच असेल. सकाळी लख्ख ऊन होतं; आता मार्चचं हिमवादळ खिडक्या हलवत होतं. तिच्या पुढचा तरुण राखणदाराशी बोलत होता.

"मिन्चोकाका, माझा मेव्हणा ओग्न्यान अजून शिखरावरून आला नाही."

"वहीत तर आलाय. हे बघ, 'दोन वाजता परत, सुखरूप'. खोलीत झोपला असेल."

"खोली बघितली. शोधायला माणसं पाठवा, काका."

"अरे, आलेल्या माणसाला कुठे शोधू? वहीत सगळे आलेले दिसले, म्हणून तर बचाव पथकाला घरी सोडलं."

"ते सकाळीच लिहिलं होतं."

"काय?"

"संध्याकाळी वहीपाशी गर्दी होते ना. सगळेच लिहितात सकाळी."

"म्हणजे त्यानं स्वतः?"

"नाही. मी. मला वर जायचं नव्हतं, तो बूट घालत होता, म्हणून म्हटलं, लिहून टाकतो."

मिन्चोकाकांनी चहाची किटली खाली ठेवली आणि फोन उचलला.

"पथकाला काय सांगू? एकच माणूस वर आहे ना?"

तरुणाने मान डोलावली.

"दोन," मागून राडका म्हणाली. "खालच्या ओळीतलं अक्षर माझं आहे."