हिरवी चकती

दवाखान्याच्या बाकावर आजी डोळे मिटून बसल्या होत्या, तरी शेजारच्या नणंद-भावजयीचं बोलणं कानावर पडतच होतं.

“ऑफिसात रोज सकाळी टेबलावर चकती ठेवायची, वहिनी. मन बरं असेल तर हिरवी, नसेल तर लाल. साहेबांनीच सुरू केलं.”

“मग तू?”

“लाल ठेवली.”

“आले का विचारायला?”

“आले ना. म्हणाले, मोठे साहेब फेरी मारतात, लाल बरी दिसत नाही. स्वतःच्या हातानं हिरवी ठेवून गेले.”

“अगं बाई! आणि काम?”

“रजेवर गेलेल्या दोघींचंही माझ्याच गळ्यात. ‘तुमची हिरवी आहे ना, जमेल तुम्हाला.’”

“मेल्याला घटकाभर खुर्ची ओढून तुझ्यापाशी बसता आलं नाही? एकीचं काम तरी काढून घ्यायचं! आता तूही रजेवर, बस म्हणावं तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत!”

“वहिनी, हळू बोला ना.”

“का म्हणून हळू? रात्र रात्र तू रडतेस, तो नाही!”

आजींनी डोळे उघडले. तेवढ्यात डॉक्टरीणबाई दारात आल्या.

“या. काय होतंय?”

नणंद चटकन उठली, हसली. “काही नाही. बरी आहे मी.”

“लाल!” वहिनी अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी ओरडली. “लाल सांग त्यांना, लाल!”