बाहेरचं पोलाद

विमानतळाच्या बससाठी रांग लागली होती. रांगेतल्या एका नर्सबाईंच्या पुढे दोघे भाऊ उभे होते. धाकट्याच्या पायाशी फुगलेली बॅग होती.

"दोन घास खाऊन तरी निघायचंस."

"बस चुकली असती, दादा."

"आमच्या पोलाद कारखान्यात तुझ्यासाठी शब्द टाकला होता मी. भरती नाही म्हणाले."

"कशी असेल? तुमचं पोलाद घेणारे आमच्यासारखे कारखानेच बसले."

"बाहेरचा स्वस्त माल येतच राहिला असता, तर आमच्या भट्ट्या विझल्या असत्या रे. म्हणून तर आयातकर मागितला आम्ही."

"माहीत आहे. तुमच्या मोर्चात मीही घसा फोडला होता. तुझ्यासाठी."

थोरल्याने धाकट्याची बॅग पायाने पुढे सरकवली.

"कर बसला, पोलाद महागलं, आमच्या बादल्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही. मालकाने टाळं ठोकलं."

नर्सबाईंनी मान वळवली, पण कान तिथेच राहिले.

"तिकडे काम कसलं?"

"भट्टीवर. पोलादाच्याच कारखान्यात."

"कोणाच्या?"

"ज्यांचा माल तुम्ही अडवलात, त्यांच्या."

बस आली. थोरल्याने बॅग उचलली, पण तो ती हातातून सोडेना.

"दादा, दे. लोक खोळंबलेत."

"भट्टीवर सुतीच कपडे घाल. टेरिकॉट वितळून अंगाला चिकटतं."