संपादक मॅडम बाहेर बसल्या

शाळा आठवीतच सुटली, तेव्हा शुद्धलेखन चुकलं, शब्द साधे वाटले, तर सांभाळून घ्या. दिग्रसला माझ्या टायपिंगच्या दुकानात एका पुरातत्त्वाच्या नियतकालिकाची पानं टाइप होऊन लागतात. त्या दिवशी संपादक मंडळाची बैठकही तिथंच होती. संपादक मॅडमचा स्वतःचा लेख चर्चेला आला, तशा त्या उठल्या आणि शेजारी रफिकभाईंच्या सायकल दुकानात जाऊन बसल्या.

रफिकभाई म्हणाले, "मॅडम, संपादक तुम्ही, मंग तुम्हालेच काहून बाहेर काढलं?"

"काढलं नाही, भाऊ. माझ्यासमोर माझ्या लेखावर कोण मोकळं बोलेल?"

मी पाणी घेऊन गेलो. राहवलं नाही. "मॅडम, आत काय ठरून राह्यलं, सांगू का?"

त्यांनी कानांवर हात ठेवले. "गप रे! माझं बाहेर बसणं वाया घालवतोस का?"

शेवटी आत बोलावलं. लेख तपासणाऱ्या तज्ज्ञांना पुरावा अपुरा वाटला होता, लेख परत. कित्येक वर्षांची मेहनत होती ती. मॅडमनी लेख पिशवीत घातला. मग म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. पुढचा लेख घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी कबड्डीत मी पंच होतो आणि पहिलाच सामना माझ्या भावाच्या संघाचा. मी शिट्टी दुसऱ्याच्या हातात दिली आणि मैदानाबाहेर जाऊन बसलो. भाऊ ओरडला, "काहून बे, भेला का?"

मी बसूनच राहिलो.